साखळी म्हणण्याआधी

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा पिवळेपणा करक्युमिनचा, आणि त्याच्या रेणूत दुहेरी बंध एकाआड एक येतात, हे सातारा-सांगलीच्या बी.एस्सी.च्या वर्गांत शिकवून होते. असे संयुग्मन रेणूंनी पृष्ठभागावर रांग लावल्यामुळेही तयार होते, हा भाग मात्र ‘आपल्याकडे एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक) कुठे आहे?’ एवढ्यावर गुंडाळला जातो.

ही सबब पटत नाही. २००१ मध्ये ओकावा आणि आओनो यांनी ग्रॅफाइटवर डायअ‍ॅसिटिलीन रेणूंचा थर बसवून एसटीएमच्या टोकाने एका जागी विद्युत स्पंद दिला; तिथून एकच बहुवारिक साखळी वाढत गेली. ते आपल्या आवाक्यातले नाही, कबूल. पण त्याच वर्गातले पेंटाकोसाडायइनोइक आम्ल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा. बाटलीतली भुकटी बहुधा आधीच निळसर झालेली असते, तेव्हा द्रावण गाळून घ्या. गाळणकागदावर थेंब टाका, अंधारात वाळू द्या आणि टीएलसीच्या पेटीतला २५४ नॅनोमीटरचा दिवा लावा. ३६५ च्या दिव्याने काम होत नाही. बिनरंगी डाग निळा होतो, तापवला की लाल. विरल द्रावणावर तोच दिवा लावून पाहा, निळा रंग येत नाही. शेजारचे रेणू सुमारे ५ अँगस्ट्रॉमवर आणि ४५ अंशांच्या आसपास कललेले असले तरच बंध जुळतात.

मात्र कागदावरचा हा डाग बारीक स्फटिकांचा आहे, एका रेणूच्या जाडीचा थर नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत नेमकी इथेच गल्लत होते. थेंब वाळल्यावर दिसलेल्या सुयांचा एसईएम फोटो जोडायचा आणि शीर्षकात ‘स्वयंजुळणीतून साखळ्या’ लिहून मोकळे व्हायचे! नुसते वाळण्यानेही सुया पडतात. २००७ मध्ये ग्रिल आणि सहकाऱ्यांनी सोन्यावर पॉर्फिरीन जोडले, तेव्हा रेणूवर ब्रोमीन किती आणि कुठे हे आधी ठरवले होते: एक असेल तर जोड्या, समोरासमोर दोन असतील तर साखळ्या, चार असतील तर जाळी. दावा असा तपासता आला पाहिजे.

म्हणून लेखासोबत किमान दोन गोष्टी पाठवा: वेगवेगळ्या संहतींचे वर्णपट, आणि द्रावकाने धुतल्यावर पृष्ठभागावर काय उरले याची नोंद. पहिलीला कॉलेजातला स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. पुढच्या तपासणीसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे उपकरण केंद्र आहे. या नोंदी नसतील, तर शीर्षकातला ‘साखळी’ हा शब्द आम्ही यापुढे छापणार नाही.