पापणीचा पुरावा

आपण जिवंत आहोत हे पटविण्यासाठी माणसाने कॅमेऱ्यापुढे पापण्यांची उघडझाप करावी, अशी बँकांच्या ‘केवायसी’ची रीत पडली. अ‍ॅसिडहल्ल्यात ज्यांचे डोळेच जायबंदी झाले, त्यांनी काय करावे? प्रज्ञा प्रसून हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दुसरे अर्जदार अमर जैन हे स्वतः दृष्टिहीन वकील. ‘मिशन अ‍ॅक्सेसिबिलिटी’चे सहसंस्थापक. वकील एरवी पराव्याची व्यथा मांडतो. येथे ती त्यांचीच होती. चेहरा चौकटीत आणा म्हणणाऱ्या पडद्याला, ती चौकटच न दिसणारा नागरिक ठाऊक नव्हता!

न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांनी ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुगम्यता घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग ठरवून वीस निर्देश दिले. आम्हांस हे मोलाचे वाटते. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा. पण यंत्रांचे नियम आखताना तो कोणी उघडून पाहिला होता, असे दिसत नाही. जैन यांनी तो पाहावयास लावला, आणि तोही दयेची याचना न करता. फेटाळलेल्या अर्जांची फेरतपासणी माणसाने करावी, असेही न्यायालयाने सांगितले आहे. हे माणूस कोणत्या बँकेने केव्हा नेमले, ते रिझर्व्ह बँकेने जाहीर करावे.