मनाचा आजार कोर्टापासून लपवू नका

घरात कुणाला मनाचा आजार झाला, की आपल्याकडे पहिली धडपड असते ती झाकपाक करण्याची. धाकट्या बहिणीचं लग्न जमणार नाही, नोकरी जाईल, भावकीत बोलणी बसतील. म्हणून परगावच्या डॉक्टरकडे न्यायचं, गोळ्यांची पाकिटं दडवायची, चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. त्यामुळे उपचार रखडतात हे खरंच. पण आजारी माणसाच्या हातून आजाराच्या भरात काही भयंकर घडलं, तर हीच झाकपाक त्याच्या न्यायाच्या आड येते. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिचं कलम 22 म्हणजे 1860 च्या दंड संहितेतलं जुनं कलम 84. कृत्य करताना मनोविकलतेमुळे एखाद्याला आपण काय करतोय हेच कळत नसेल, किंवा आपण करतोय ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे कळत नसेल, तर ते कृत्य कायद्याच्या दृष्टीनं गुन्हा ठरत नाही. शिक्षा ही समजून-उमजून केलेल्या कृत्याला असते. समजच हरपलेली असेल तर शिक्षेला अर्थ उरत नाही, हे यामागचं तत्त्व.

आता लोकांच्या मनातले दोन गैरसमज.

पहिला गैरसमज असा की, डॉक्टरचा दाखला मिळाला की माणूस सुटला. असं होत नाही. स्किझोफ्रेनिया आहे, नैराश्य आहे, एवढं कोर्टाला पुरत नाही. माणूस रागीट आहे, विक्षिप्त आहे, अधूनमधून त्याच्या डोक्यावर परिणाम होतो, हेही पुरत नाही. प्रश्न असतो त्या एका वेळेचा: कृत्य घडलं तेव्हा त्याची समज शाबूत होती का? स्वतःच्या मर्जीनं दारू पिऊन केलेल्या कृत्याला ‘मला काही कळत नव्हतं’ हा बचाव मिळत नाही. शिवाय मनोविकलता दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र सरकारी पक्षाला गुन्हा जितका निर्विवाद सिद्ध करावा लागतो, तितका कडक पुरावा आरोपीकडून मागितला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1964 साली गुजरातमधल्या एका खटल्यात स्पष्ट केलं. मनोविकलता पूर्ण सिद्ध झाली नाही, तरी आरोपीच्या हेतूबद्दल रास्त शंका उभी राहिली, तर त्या शंकेचा फायदा त्याला मिळतो.

मग ही शंका उभी राहते कशातून? आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण पाहा. 1994 साली एका पोलीस शिपायाच्या हातून त्याच्या पत्नीचा जीव गेला. खालच्या कोर्टात जन्मठेप झाली, उच्च न्यायालयात ती कायम राहिली. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. कशाच्या आधारावर? त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता. त्याच्यावर 1992 पासून उपचार चालू होते. घटनेनंतर जून ते डिसेंबर 1994 या काळात त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. खुनामागचा म्हणून सांगितला गेलेला हेतू अगदी तोकडा होता. दिवसाढवळ्या कृत्य घडलं, आणि तो लपला नाही की पळाला नाही. यातल्या बहुतेक गोष्टी एकतर दवाखान्याच्या कागदांत असतात, नाहीतर घरच्यांच्या साक्षीत. कागद फाडले आणि घरचे गप्प बसले, तर न्यायाधीशांपुढे ठेवायला काय उरतं?

दुसरा गैरसमज असा की, ‘वेडा’ ठरला म्हणजे मोकाट सुटला. हेही खरं नाही. अशा निकालात त्यानं ते कृत्य केलं होतं की नाही, हे न्यायालयाला नमूद करावंच लागतं. केलं असेल, तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवलं जातं, किंवा त्याची काळजी घेण्याची आणि तो कुणाला इजा करणार नाही याची हमी देणाऱ्या नातेवाइकाच्या हवाली केलं जातं. ज्यांचं माणूस गेलं त्यांचं दुःख यानं कमी होत नाही, आणि त्यांच्या रागाला कुणी नावं ठेवू नयेत. पण आजारी माणसाला तुरुंगात विनाउपचार कुजवून त्यांनाही न्याय मिळत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. कृत्याच्या वेळी मन कसं होतं हा एक प्रश्न, आणि खटला चालवताना ते कसं आहे हा दुसरा. आपल्यावर काय आरोप आहे, वकिलाला काय सांगायचं, हेच आरोपीला कळत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम 367 आणि 368 नुसार न्यायालयानं त्याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची असते आणि गरज पडल्यास खटला थांबवायचा असतो. रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईक नियमित उपचारांची हमी देत असतील, तर जामीनही मिळू शकतो. पण त्यासाठी मागे कुणीतरी उभं लागतं. आसाममध्ये 1951 साली पकडलेला एक माणूस खटला न चालताच 54 वर्षं बंदिवासात राहिला. 1967 मध्ये तो बरा झाल्याचं डॉक्टरांनी कळवलं होतं, तरी त्याची सुटका झाली ती 2005 मध्ये. त्याची चौकशी करायला कुणीच आलं नव्हतं.

म्हणून कळकळीनं सांगतो. प्रत्येक केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी तारखेनुसार एका फायलीत लावून ठेवा. माणसाला अटक झालीच, तर आजाराची माहिती पोलिसांना आणि पहिल्याच तारखेला मॅजिस्ट्रेटना लेखी द्या; महिन्यांनी सांगितलेली गोष्ट बनाव वाटते. कोणती औषधं चालू आहेत ते तुरुंगाच्या डॉक्टरांना कळवा. वकिलाला पैसे नसतील, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आणि हे सगळं टाळता यावं म्हणून वेळीच उपचार घ्या. मनाचे आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीच कुणावर हात उगारत नाहीत. उलट तीच जास्त मार खातात. पण कुणीतरी जीव घ्यायला टपलंय, कानात आवाज हुकूम देताहेत, असं घरातलं माणूस सांगू लागलं, तर देवऋषाकडे वेळ घालवू नका. 14416 या ‘टेलिमानस’च्या नंबरवर विनामूल्य सल्ला मिळतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. शेजाऱ्यांनो, रस्त्यावर भरकटलेला आजारी माणूस दिसला, तर दगड उचलू नका, पोलिसांना कळवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे त्याला 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि त्याला लॉकअपमध्ये ठेवायला मनाई आहे.

कायद्यानं आजारी माणसासाठी दार ठेवलेलं आहे. त्याला हाताला धरून तिथवर न्यायचं काम घरच्यांचं आहे. लाज सोडा, आणि वेळेवर बोला.