चवदार तळ्याच्या वारसांनी पोहायलाही शिकले पाहिजे!

ट्रायथलॉन हा शब्द आता क्रीडा पानावरून घरांघरांतील गप्पांत येऊन बसला आहे. आधी पोहायचे, मग ओल्या अंगानेच सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवली की धावत सुटायचे, अशी ही तिहेरी शर्यत. १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे ती सुरू झाली. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तिला स्थान मिळाले. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी झुरिचला ‘आयर्नमॅन’ पूर्ण केली आणि मराठी माणसाचे कान टवकारले. २०१९ साली गोव्यात, पणजीला, त्याच नावाची निम्म्या अंतराची शर्यत झाली. छायाचित्रे छापून आली. डॉक्टर, कंपन्यांचे अधिकारी, उद्योजक, लष्करी अधिकारी अशी सारी मंडळी त्यात दिसली. आनंद आहे! परंतु आमचा प्रश्न साधा आहे. या छायाचित्रांत आपल्या वस्तीतील पोरगा कुठे आहे? आपली पोरगी कुठे आहे?

‘चळवळीच्या पानावर हा श्रीमंतांचा खेळ कशाला?’ असे काही कार्यकर्ते विचारतील. म्हणूनच आधी सांगतो, की आम्ही हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आम्ही सात-आठ जण पहिल्या शर्यतीची तयारी करीत आहोत. आमच्यात दोन वकील, दोन शिक्षिका, एक एसटी वाहक आणि बाकीची कॉलेजची मुले आहेत. सुट्टीच्या दिवशी रायगड जिल्ह्यातील किहीमच्या किनाऱ्यावर आम्ही जमतो. आमच्यापैकी एकानेही आजवर अशी शर्यत केलेली नाही. आम्ही निवडलेला प्रकार सर्वांत प्रचलित छोटा प्रकार आहे. त्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. ऑलिम्पिकमधील अंतर याच्या बरोबर दुप्पट असते. पूर्ण आयर्नमॅन तर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे! नवख्याने तिकडे पाहूही नये. पण स्प्रिंट हा प्रकार तीन-चार महिन्यांच्या नियमित सरावाने, साधी प्रकृती असलेल्या माणसाच्या आवाक्यात येतो.

सरावाला लागल्यावर एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात उघड झाली. सायकल कोणालाच नवी नव्हती. पेपर टाकणारी, दुधाचे रतीब घालणारी, शाळेसाठी गावोगाव सायकल हाणणारी आमची पिढी आहे. चालणे आणि धावणे तर आपल्या पाचवीलाच पुजलेले. अडले ते पाण्यापाशी! आठ जणांपैकी पाच जणांना पोहता येत नव्हते. आमचा एसटी वाहक मित्र समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील गावात वाढला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने प्रथम पाण्यात तोंड बुडवले. त्याच्या आजोबांना गावच्या तळ्याच्या पायरीवर उभे राहू दिले जात नसे. ज्या पायरीवर आजोबा उभे राहू शकले नाहीत, तिथे बापाला पोहायला कोण शिकवणार? आणि बापाला येत नाही, ते पोराला कोण शिकवणार? नदीच्या डोहात, खाणीच्या खड्ड्यात जीव धोक्यात घालून पोहायला शिकलेली आपली मुले आहेत, हे खरे. पण सुरक्षित पाणी, शिकवणारा माणूस आणि ‘बाहेर हो’ असे कोणी म्हणणार नाही ही खात्री, या तीन गोष्टी एकत्र किती जणांना लाभल्या?

किहीम ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात महाड आहे, हे विसरून चालणार नाही. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे कागदावर खुले केले. परंतु तळ्यावर जायची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कागदावरचा ठराव जिवंत झाला. त्यानंतरही प्रतिपक्षाने दिवाणी दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे कोर्टकज्जा!

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने त्या जागी अस्पृश्यतेच्या नावाखाली अडवणूक करणे हा गुन्हा ठरवला. आम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून हे अनुच्छेद पाठ केले. पण हक्क मिळणे आणि तो अंगवळणी पडणे यांत अंतर असते. मतदानाचा हक्क आपण वापरला, शिक्षणाचा हक्क वापरला. पाण्याचा हक्क मात्र आपण नळापर्यंत आणून थांबवला!

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांना पोहण्याचे तलाव आणि समुद्रकिनारे बंद होते. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन गावात काळे आणि गोरे कार्यकर्ते मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले, तर मालकाने पाण्यात आम्ल ओतले. काही दिवसांतच, २ जुलै १९६४ रोजी, तिथला नागरी हक्क कायदा झाला. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी पोहायला लागले नाही. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये सिमोन मॅन्युएलने शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक जलतरणात सुवर्ण जिंकणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला. कायदा आणि पदक यांच्यामध्ये बावन्न वर्षे गेली. महाडच्या सत्याग्रहाची शताब्दी २० मार्च २०२७ ला येते. आपला हिशेब काय?

म्हणून आता तयारीचे बोलू. भाषणाने पोहता येत नाही.

पहिली गोष्ट, तयारीची सुरुवात पोहण्यापासूनच करावी आणि ती तलावात करावी, समुद्रात नव्हे. महापालिका, नगरपालिकांचे तलाव असतात. दादरला शिवाजी पार्कजवळ महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली आधी एकच गोष्ट साधावी, ती म्हणजे पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे. नवखा माणूस दमतो तो हातापायांनी नव्हे, कोंडलेल्या श्वासाने. आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास. न थांबता चारशे मीटर जमले की समुद्राचा विचार करावा. शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा असते आणि दम लागला तर सुरक्षा नावेला धरून थांबताही येते, मात्र तिच्या आधाराने पुढे सरकायचे नसते. हे कळले की निम्मी भीती जाते.

दुसरी गोष्ट समुद्राची. इथे किहीम आपला शिक्षक होतो. कोळी बांधवांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. शिवाय ते भांगाचे दिवस, पाण्याची ओढ कमी. पोहण्याच्या सरावाला नवख्याने अशीच सकाळ निवडावी. उलट पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते, भरती दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे येते आणि सकाळी सहाला ओहोटीने किनारा दूरवर उघडा पडतो. तो दिवस ओल्या, घट्ट वाळूवर धावण्याचा! भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक आणि स्थानिक मच्छीमाराचा सल्ला मात्र प्रत्येक वेळी घ्यावा. तिथी पाहायची ती मुहूर्तासाठी नव्हे, चंद्राच्या ओढीने पाणी किती चढेल हे समजण्यासाठी. हे विज्ञान आहे, पंचांगाचे कर्मकांड नव्हे.

समुद्रात एकट्याने कधीही उतरू नये. किनाऱ्याला समांतर पोहावे, उथळ पाण्यातच राहावे, रंगीत टोपी घालावी. तलावात तळाला रेघ असते, समुद्रात नसते. म्हणून दर आठ-दहा हात मारले की मान किंचित वर काढून किनाऱ्यावरची ठरलेली खूण पाहावी. आम्ही सुरूचे एक उंच झाड धरले आहे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, समुद्राचे नावही काढू नये. दारू पिऊन किंवा पैजेखातर पाण्यात उतरलेल्या तरुणांच्या बातम्या अलिबागच्या किनाऱ्यावरून वारंवार येतात. त्या बातमीत आपल्या कोणाचे नाव नको.

तिसरी गोष्ट सायकल. लाखाची सायकल लागते हा बाजाराने पसरवलेला गैरसमज आहे. ब्रेक, चाके आणि साखळी नीट असलेली साधी सायकल पहिल्या शर्यतीला पुरते. पैसा खर्च करायचाच तर हेल्मेटवर करावा. ते बहुतेक शर्यतींत सक्तीचे असते आणि सायकलला हात लावण्याआधी त्याचा पट्टा लावलेला असावा लागतो. मुंबईहून येणाऱ्यांना २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट मिळते. मांडव्याहून चोंढीमार्गे किहीमचा रस्ता नवख्याला चांगला आहे. पाय तयार झाले की कार्लेखिंडीचा चढ घ्यावा.

चौथी गोष्ट, सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव आठवड्यातून एकदा करावा. पहिल्यांदा पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. दहा मिनिटांत ते सुटतात. आठवड्याचा एक दिवस पूर्ण विश्रांती. अंतर हळूहळू वाढवावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करूनच सुरुवात करावी. भाकरी, अंडी, मटकी, केळी आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी एवढ्यावर आमचे भागते. डब्यातल्या पावडरीची आम्हाला गरज भासलेली नाही. ज्यांना पोहायला अजून वेळ लागणार आहे, त्यांनी धावणे-सायकल-धावणे अशी ‘ड्युएथलॉन’ करावी किंवा तिघांनी तीन टप्पे वाटून घ्यावेत. संघटन म्हणजे दुसरे काय असते?

आता आक्षेपाकडे येऊ. ‘खैरलांजीपासून शिष्यवृत्तीपर्यंत प्रश्न पडलेले असताना तुम्ही पोहता काय?’ प्रश्न रास्त आहे. पण सभा, मोर्चे, कोर्टाच्या तारखा, रात्रीची जागरणे आणि वेळीअवेळी वडापाव यांनी आपले किती कार्यकर्ते पन्नाशीतच मधुमेहाने आणि हृदयविकाराने गाठले, ते प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. चळवळीला शोकसभांपेक्षा धडधाकट माणसांची गरज जास्त आहे. पहाटे पाचला उठून तलावावर जाणारा तरुण रात्री गुत्त्यावर दिसत नाही, हाही अनुभव आहे.

आणि हा केवळ व्यायामाचा प्रश्न नाही, जागेचाही आहे. किहीमच्या किनाऱ्यामागे मुंबईकर धनिकांचे बंगले उभे राहिले आहेत. समुद्रकिनारा ही सर्वांची ठेव असून शासन तिचे विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात मान्य केले. ज्या तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे संप चालवला, तिथे किनाऱ्याकडे जाणारी प्रत्येक पायवाट खुली राहिली पाहिजे, सुट्टीच्या दिवशी जीवरक्षक असले पाहिजेत आणि तालुक्याला परवडणाऱ्या शुल्कात पोहण्याचा तलाव असला पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत मांडा. निवेदन द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा.

आपल्या मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. आमच्यातील दोन शिक्षिकांना पोहायला शिकण्यास सर्वांत मोठा विरोध झाला तो घरातून. ‘लोक काय म्हणतील?’ महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना मान वर करून वागायला सांगितले. मान पाण्याच्या वर कशी ठेवायची, हेही आता शिकवू या. तलावावर महिलांची स्वतंत्र वेळ मागा, महिला प्रशिक्षक मागा आणि आईने मुलीबरोबर स्वतः पाण्यात उतरावे.

आमचा प्रस्ताव छोटा आहे. प्रत्येक जयंती समितीने डीजेच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढून वस्तीतील दहा मुलामुलींचे पोहण्याचे शुल्क भरावे. प्रत्येक विहाराच्या फळ्यावर त्या दहा जणांची नावे लिहावीत. चवदार तळ्याच्या शताब्दीपर्यंत त्यातील एकाने तरी पहिली शर्यत पूर्ण करावी. क्रमांक शेवटचा आला तरी चालेल. आमचाही बहुधा शेवटचाच येईल! पण पाण्यात उतरून, पाण्यातून बाहेर येऊन, रस्त्यावर सायकल घालून, स्वतःच्या पायांवर रेषा ओलांडणारा माणूस पुन्हा कुठल्याही तळ्याच्या काठावर परवानगीसाठी थांबणार नाही.

जय भीम!