एक इंजिन आणि १५५ विजय

दोस्तांनो, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एक पेच नेहमी पडतो. चांगली बॅट एकाच मुलाकडे असते. ती त्याने फक्त आपल्या टीमला वापरू द्यायची, की समोरच्या टीमलाही द्यायची? दिली तर आपण हरू शकतो. नाही दिली तर आपण जिंकतो खरं, पण चार दिवसांनी समोर खेळायला कोणी येतच नाही!

आज ज्या यंत्राची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या मालकांपुढे नेमका हाच पेच पडला होता. ते यंत्र म्हणजे शर्यतीच्या मोटारीचं एक इंजिन. त्याचं नाव कॉसवर्थ डीएफव्ही. १९६७ ते १९८३ या काळात त्याने फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतल्या १५५ शर्यती जिंकून दिल्या आणि बारा वेळा जगज्जेता ड्रायव्हर घडवला.

लिटर दुप्पट झाले

आधी फॉर्म्युला वन म्हणजे काय ते बघू. इथे 'फॉर्म्युला' म्हणजे नियमांचा संच. गाडी केवढी असावी, इंजिन केवढं असावं, हे सगळं त्यात ठरवून दिलेलं असतं. इंजिनाचा आकार लिटरमध्ये मोजतात. सिलिंडरमध्ये पिस्टन वरून खाली आला की जेवढी जागा मोकळी होते, तेवढा त्या सिलिंडरचा आकार. सगळ्या सिलिंडरांची बेरीज केली की झाला इंजिनाचा आकार. पूर्वी रस्तोरस्ती दिसणारी मारुती ८०० तुम्ही पाहिली असेल, नाहीतर आईबाबांना विचारा. तिचं इंजिन होतं ७९६ सीसी, म्हणजे पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त.

१९६५ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरची इंजिनं असत. १९६६ पासून ही मर्यादा एकदम दुप्पट झाली, तीन लिटर! झालं, सगळ्यांची धावपळ उडाली. इंग्लंडमधल्या अनेक छोट्या टीम कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स या कंपनीकडून इंजिनं घेत. त्या कंपनीने तीन लिटरचं नवं इंजिन काही बनवायला घेतलं नाही. लोटस टीमचे मालक कॉलिन चॅपमन यांच्याकडे गाडी बनवायचं डोकं होतं, जिम क्लार्कसारखा अव्वल ड्रायव्हर होता. नव्हतं ते फक्त इंजिन.

एक लाख पौंडांचा सौदा

चॅपमनना एक माणूस आठवला, कीथ डकवर्थ. हा तरुण इंजिनिअर पूर्वी लोटसमध्येच गिअरबॉक्सवर काम करायचा. चॅपमनशी त्याचं पटेना, म्हणून तो बाहेर पडला. १९५८ मध्ये त्याने लोटसमधलाच दुसरा इंजिनिअर माइक कॉस्टिन याच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. कॉस्टिनमधलं 'कॉस' घेतलं, डकवर्थमधलं 'वर्थ' घेतलं आणि नाव तयार झालं, कॉसवर्थ!

माणूस मिळाला, आता पैसे हवेत. चॅपमन गेले ब्रिटनमधल्या फोर्ड मोटार कंपनीकडे. तिथे वॉल्टर हेज नावाचे अधिकारी होते. ते मूळचे इंजिनिअर नव्हते बरं का, ते होते वर्तमानपत्राचे संपादक! फोर्डमध्ये ते जनसंपर्काचं काम पाहत. त्यांनी आणि हार्ले कॉप या इंजिनिअर अधिकाऱ्याने कंपनीला राजी केलं. फोर्डने एक लाख पौंड मंजूर केले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच होती. पण त्या बदल्यात इंजिनावर नाव झळकणार होतं 'फोर्ड' असं.

आधी अर्धं, मग पूर्ण

डकवर्थची काम करण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. त्याने एकदम मोठ्या इंजिनाला हात घातला नाही. आधी चार सिलिंडरचं एक छोटं इंजिन बनवलं. ते फॉर्म्युला टू या धाकट्या शर्यतींसाठी होतं. त्याचं नाव एफव्हीए. यातलं 'एफव्ही' म्हणजे 'फोर व्हॉल्व्ह', प्रत्येक सिलिंडरला चार झडपा. ते नीट चालतं अशी खात्री पटल्यावर त्याने चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जोडल्या आणि आठ सिलिंडरचं इंजिन तयार केलं. दोन फोर व्हॉल्व्ह, म्हणून 'डबल फोर व्हॉल्व्ह', थोडक्यात डीएफव्ही.

आता चार झडपाच कशासाठी? समजा, शाळेच्या हॉलला एकच दार आहे आणि घंटा झाली. किती चेंगराचेंगरी होईल! दोन दारं असली तर सगळे पटकन बाहेर. इंजिनाचंही असंच असतं. हवा आणि पेट्रोल जितकं भरभर आत येईल आणि जळलेला वायू जितका भरभर बाहेर जाईल, तितकं इंजिन जोरात फिरतं. म्हणून आत यायला दोन झडपा आणि बाहेर जायला दोन. आठ सिलिंडरांच्या मिळून बत्तीस झडपा! सुरुवातीलाच हे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घ्यायचं आणि सुमारे ४०० अश्वशक्ती द्यायचं. आपल्या मारुती ८०० ची ताकद होती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास.

इंजिनच झालं कणा

या इंजिनाची आणखी एक खुबी होती. साध्या मोटारीत लोखंडी सांगाडा असतो आणि इंजिन त्यात बसवलेलं असतं. म्हणजे सांगाडा वजन पेलतो आणि इंजिन आरामात बसून राहतं. चॅपमन आणि डकवर्थ यांनी ठरवलं, इंजिनालाही ओझं उचलायला लावायचं! लोटस ४९ या नव्या गाडीचा सांगाडा ड्रायव्हरच्या पाठीशी येऊन संपायचा. तिथे मोजक्या बोल्टांनी इंजिन घट्ट बसवलेलं आणि गिअरबॉक्स, मागची चाकं, सगळं त्या इंजिनालाच जोडलेलं. मागचा सांगाडा वाचला, गाडी हलकी झाली. ही युक्ती याआधीही काहींनी करून पाहिली होती. पण डीएफव्ही मुळापासून याच कामासाठी आखलेलं होतं, म्हणून इथे ती उत्तम जमली. पुढे शर्यतीच्या गाड्यांमध्ये हीच रीत रूढ झाली.

पहिल्याच शर्यतीत

४ जून १९६७. हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये झांडवूर्ट नावाचा ट्रॅक आहे. तिथे डीएफव्ही पहिल्यांदा शर्यतीत उतरलं. लोटसचा ग्रॅहॅम हिल सराव फेऱ्यांमध्ये सगळ्यांत वेगवान ठरला. शर्यतीतही तो पुढे होता. पण थोड्याच फेऱ्यांत इंजिनातल्या गिअरचे दात तुटले आणि त्याची गाडी थांबली.

दुसरी गाडी जिम क्लार्ककडे होती. गंमत म्हणजे ती चालवायची त्याची ही पहिलीच वेळ होती. झांडवूर्टला येईपर्यंत तो त्या गाडीत बसलाही नव्हता! आठव्या जागेवरून निघून त्याने एकेकाला मागे टाकलं आणि वीस सेकंदांहून जास्त फरकाने शर्यत जिंकली. नवं कोरं इंजिन, पहिलीच शर्यत आणि पहिलाच विजय!

मग त्या वर्षी क्लार्कच जगज्जेता झाला असेल, नाही का? नाही झाला! क्लार्कने वर्षभरात चार शर्यती जिंकल्या, तरी तो गुणांच्या यादीत तिसरा आला. फक्त दोन शर्यती जिंकणारा न्यूझीलंडचा डेनी हल्म जगज्जेता ठरला. त्याच्या ब्रॅबम गाडीत ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीचं इंजिन होतं. ते ताकदीने कमी, पण भरवशाचं होतं. इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत तर क्लार्क पंक्चरमुळे अख्खी एक फेरी मागे पडला, ती भरून काढून पुन्हा पहिला आला, आणि शेवटच्या फेरीत इंजिनाला पेट्रोल पोचेना म्हणून तिसरा राहिला.

डकवर्थने ही दुखणी एकेक करून हुडकली. झडपा उघडझाप करणाऱ्या दांड्यांमुळे गिअरांना जबर हादरे बसत, म्हणून दात तुटत. त्यावर त्याने एका गिअरमध्ये बारीक बारीक पोलादी दांड्या बसवल्या. हादरा आला की त्या किंचित पिळल्या जात आणि धक्का आपल्या अंगावर घेत. मग गिअर टिकू लागले.

बॅट सगळ्यांना!

आता येऊ या पहिल्या प्रश्नाकडे. झांडवूर्टची शर्यत बघून वॉल्टर हेज खूश तर झालेच, पण त्यांना एक काळजीही वाटू लागली. हे इंजिन एकट्या लोटसकडे राहिलं, तर बाकीच्यांचा टिकाव कसा लागणार? तुल्यबळ कोणी नसेल, तर जिंकण्यात मान कसला? लोक म्हणतील, फोर्डने पैसे ओतून खेळ मारला. हेज यांनी चॅपमनना समजावलं आणि १९६८ पासून डीएफव्ही इतर टीमनाही विकत मिळू लागलं. किंमत होती साडेसात हजार पौंड.

चॅपमन यांचं यात नुकसान झालं का? झालं. एकट्याची मक्तेदारी गेली. पण खेळाचं काय झालं ते बघा. ज्याच्याजवळ थोडं भांडवल, चांगला इंजिनिअर आणि एखादी शेड होती, त्याला आता फॉर्म्युला वनची गाडी बनवता येऊ लागली. इंजिन विकत, गिअरबॉक्स विकत, उरलेली गाडी आपल्या अकलेने बनवायची! मॅकलॅरनने हे इंजिन घेतलं. विल्यम्सही पुढे याच इंजिनावर मोठी झाली. केन टायरेल हे तर लाकडाचे व्यापारी. त्यांच्या वखारीतल्या शेडमध्ये बनलेल्या गाड्यांनी जॅकी स्ट्युअर्टला १९७१ आणि १९७३ मध्ये जगज्जेता केलं.

सगळ्यांकडे एकच इंजिन असल्याने चुरस कमी नाही झाली, उलट वाढली. जिंकायचं तर इंजिन सोडून बाकी सगळ्यांत डोकं चालवायला हवं! १९६९ च्या अकराच्या अकरा आणि १९७३ च्या पंधराच्या पंधरा शर्यती डीएफव्हीच्या गाड्यांनी जिंकल्या. पण त्या वेगवेगळ्या टीमच्या होत्या. इटलीची फेरारी कंपनी मात्र स्वतःचंच बारा सिलिंडरचं इंजिन वापरत राहिली. तिने १९७५, १९७७ आणि १९७९ मध्ये आपले ड्रायव्हर जगज्जेते करून या इंजिनाला चांगलीच टक्कर दिली.

वेगाची किंमत

या गोष्टीतलं एक दुःखही सांगायला हवं. इंजिनं दुप्पट मोठी झाली, पण ट्रॅक जुनेच राहिले. कडेला झाडं, खांब, खड्डे. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत जिम क्लार्कची गाडी झाडांवर आदळली आणि तो गेला. १९७० मध्ये लोटसचाच योखेन रिंट मोंझाला सरावाच्या वेळी मरण पावला. तोवर त्याचे गुण इतके झाले होते की उरलेल्या शर्यतींत ते कोणालाच ओलांडता आले नाहीत. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो एकमेव ड्रायव्हर. जॅकी स्ट्युअर्टने ट्रॅकला कठडे हवेत, जवळ डॉक्टर हवेत, पट्टे हवेत म्हणून आवाज उठवला. तेव्हा काहींनी त्याला भित्रा म्हटलं. आज सगळे त्याचे आभार मानतात.

दीड लिटरवाल्याने हरवलं

नियमात एक छोटीशी सवलत होती. बाहेरची हवा दाबून आत भरणार असाल, तर इंजिन तीनऐवजी दीड लिटरचंच वापरायचं. कित्येक वर्षं तिच्याकडे कोणी फिरकलंही नाही. १९७७ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने हे धाडस केलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर दुसरा पंखा फिरवून हवा आत कोंबायची. यालाच म्हणतात टर्बो. सुरुवातीला ही गाडी भसाभस धूर सोडत बंद पडायची, तेव्हा लोक हसायचे. १९७९ मध्ये तिने पहिली शर्यत जिंकली आणि हसणं थांबलं. मग फेरारी, बीएमडब्ल्यू, होंडा सगळेच टर्बोकडे वळले.

डीएफव्हीने तरी नेटाने झुंज दिली. १९८२ मध्ये केके रोझबर्ग याच इंजिनावर जगज्जेता झाला. ५ जून १९८३ रोजी अमेरिकेत डेट्रॉइटला टायरेलच्या मिकेले अल्बोरेतोने जिंकून दिली ती १५५ वी आणि शेवटची शर्यत. त्या गाडीत डीएफव्हीचीच सुधारलेली आवृत्ती होती. पहिल्या विजयापासून मोजलं तर तब्बल सोळा वर्षं!

आणि फक्त फॉर्म्युला वनच नाही. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डीएफव्हीने १९७५ आणि १९८० मध्ये जिंकली. त्याच्या टर्बोवाल्या भावाने, म्हणजे डीएफएक्सने, अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९७८ ते १९८७ अशी लागोपाठ दहा वर्षं जिंकली. कॉसवर्थचं नाव आपल्याकडेही येऊन गेलंय. २०११ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा आपल्या नारायण कार्तिकेयनच्या गाडीत याच कंपनीचं इंजिन होतं. अर्थात ते नव्या काळातलं, वेगळं.

आता तुमच्यासाठी गणित. डीएफव्ही मिनिटाला ९,००० फेरे घ्यायचं. म्हणजे सेकंदाला १५०. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा. आठ सिलिंडर धरले तर एका सेकंदात ६०० स्फोट! तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत सहाशे. शेवटच्या काळात हेच इंजिन ११,००० फेऱ्यांपर्यंत गेलं होतं. मग सेकंदाला किती स्फोट झाले? कागद-पेन्सिल घ्या आणि सोडवा. उत्तर ७३३ च्या आसपास आलं तर बरोबर, नाहीतर पुन्हा एकदा करून बघा. पुढच्या आठवड्यात भेटूच!