तिथी पाहून शिवडीला जावे

भूमध्य समुद्राच्या किनारी सहल काढायची असेल तर मे महिना बरा की सप्टेंबर, याची चर्चा व्यापारी घरांत महिनोन्‌महिने चालते, आणि ते योग्यच आहे. हंगाम चुकला की पैसा खर्च होऊनही पदरी निराशा येते. मात्र कॉटन ग्रीनपासून एकाच स्थानकावर असलेल्या शिवडीच्या किनाऱ्यावर रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहण्यासाठी हीच कुटुंबे केवळ रविवार मोकळा आहे म्हणून निघतात. धक्क्यावर पोहोचल्यावर कधी नुसते पाणी दिसते, कधी दूरवर पसरलेला चिखल. मुले हिरमुसून परततात.

येथे निवड तीन पायऱ्यांनी करावी लागते : महिना, तिथी आणि प्रहर.

प्रथम महिना. कच्छच्या रणात वीण करणारे हे पक्षी पावसाळा सरल्यावर मुंबईच्या खाडीकडे येऊ लागतात. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांचे आगमन होते, पुढे संख्या वाढत जाते आणि नवा पावसाळा तोंडावर आला की ते परततात. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिना सोयीचा वाटतो. पण तेव्हा ऊन असह्य असते. फेब्रुवारी सर्वांत उत्तम. हवा सुखद असते, पक्षी भरपूर असतात, परीक्षा आणि मार्चअखेरचे हिशेबही अंगावर आलेले नसतात.

दुसरी पायरी तिथीची. रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखलातील शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातो. पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि त्याला चरता येत नाही. पूर्ण ओहोटीत पाणी दूर जाते, त्यामागे पक्षीही जातात. म्हणून अर्धी भरती किंवा अर्धी ओहोटी हीच दर्शनाची वेळ. ती काढण्याचा कोकण किनाऱ्यावरील जुना हिशेब असा : पक्षातील तिथीला तीनाने गुणावे व चाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. दशमीला 10 गुणिले 3 म्हणजे 30, भागिले 4 म्हणजे साडेसात. शुद्ध असो वा वद्य, दशमीला सायंकाळी साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते. दररोज ती सुमारे दोन घटिका, म्हणजे एका सामायिकाएवढी, पुढे सरकते. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहून घ्यावे.

तिसरी पायरी प्रहराची. शिवडीचा किनारा पूर्वाभिमुख आहे. सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो, दुपारनंतर तो पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचा गुलाबी रंग खुलतो. म्हणून अष्टमी ते एकादशी या तिथींना दुपारी पाण्याच्या चढतीबरोबर पक्षी किनाऱ्याकडे सरकू लागतात, तीच वेळ साधावी. दशमीला चार वाजता पोहोचून साडेपाचला निघाल्यास फेब्रुवारीत सूर्यास्तापूर्वी घरी येऊन चौविहारही सांभाळता येतो. उलट पौर्णिमेला किंवा अमावास्येला भर दुपारी गेल्यास फक्त पाणीच पाहावे लागते.

शिवडी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू येथूनच सुरू होतो. शिवडीला पक्षी विरळ दिसल्यास ठाणे खाडीचा पर्याय आहे. तेथील क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून होणाऱ्या नौका-फेऱ्याही भरतीच्याच वेळा पाहून सुटतात.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. समुद्रपक्ष्यांना शेव-गाठ्या टाकण्याची रीत मुंबईच्या धक्क्यांवर दिसते. हेतू दयेचा असला तरी तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे. जवळून छायाचित्र मिळावे म्हणून आवाज करून थवा उडवणेही तितकेच अनुचित. चरण्यासाठी त्या जीवांना भरती-ओहोटीच्या मधले मोजकेच तास मिळतात. त्यांपैकी एक घटिकाही आपल्या हौसेपायी हिरावली जाऊ नये. एक साधी दुर्बीण जवळ असली की तेवढ्याने काम भागते.