खेळण्यालाही पासपोर्ट हवा

चीनहून एखादं खेळणं थेट युरोपातल्या घरी येतं, तेव्हा त्याचा आयातदार कोण? कागदोपत्री बघायला गेलं तर सात-आठ युरो मोजून ते मागवणारी आईच. पूर्वी कंटेनरमागे एक व्यापारी उभा असायचा. माल खराब निघाला की त्याला जाब विचारता यायचा. आता त्या कंटेनरची लाखो पाकिटं झाली आहेत. २०२४ साली १५० युरोंच्या आतल्या अशा सुमारे ४६० कोटी वस्तू युरोपीय संघात आल्या, म्हणजे दिवसाला सव्वा कोटीच्या आसपास. २०२२ मध्ये हाच आकडा १४० कोटी होता. दहातल्या नऊ वस्तू चीनच्या. बेल्जियममधल्या लिएजच्या विमानतळावरचा कस्टम अधिकारी त्यातलं काय काय उघडून बघणार?

माझी भाची नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असते. तिच्याकडे असंच एक पाकीट आलं. आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या चुंबकाच्या गोळ्या. डबीवर सीईचा, म्हणजे युरोपीय नियम पाळल्याचा, ठसा ठळक, पण बनवणाऱ्याचा पत्ता नाही आणि युरोपात कुणाला धरायचं तेही नाही. डिसेंबर २०२४ पासून हा पत्ता वस्तूसोबत देणं आणि विक्रीच्या पानावर दाखवणं सक्तीचं आहे. लहान मुलाने अशा दोन गोळ्या गिळल्या तर त्या आतड्याच्या वेढ्यांतून एकमेकींना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि भोक पडतं. भाची तक्रार करायला बसली, तोवर विक्रेत्याचं पान गायब झालं होतं.

म्हणून मला युरोपीय संघाची डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टची कल्पना मनापासून पटते. वस्तूवर एक कोड असेल आणि त्यामागे ती कुणी बनवली, कोणत्या नियमांत बसते याची नोंद असेल. नोंदणी क्रमांक कस्टमच्या घोषणापत्रात लिहायचा, आणि कस्टमच्या संगणकाने पाकीट न उघडता तो मध्यवर्ती नोंदवहीशी ताडून बघायचा. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना हे १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होणार आहे, खेळण्यांना मात्र २०३० मध्ये. चुंबकाच्या गोळ्यांसाठी एवढी वाट बघणं मला जड जातं.

आणि क्रमांक जुळला म्हणजे वस्तू चांगली, असंही नाही. खोटी माहिती भरणाऱ्याचा क्रमांकही जुळेलच. शिवाय पासपोर्ट लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत कपड्यांचा नंबरही वरचा आहे. इचलकरंजीच्या ज्या यंत्रमागधारकाचं कापड शिवून युरोपात जातं, त्याला उद्या सुताचा आणि रंगाचा हिशेब मागितला जाईल. तो देईलही, कारण गिऱ्हाईक टिकवायचं तर त्याला पळून जाता येत नाही. त्याने खर्च सोसायचा आणि निनावी पाकिटाने सुटायचं, हा उघड अन्याय आहे. विक्री करणाऱ्या अ‍ॅपलाच आयातदार मानावं, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२३ मध्येच मांडला. तोच खरा उपाय आहे. डिसेंबर २०२५ मध्ये छोट्या पाकिटांवर ३ युरो कर लावायचं ठरलं. त्याने तिजोरीत भर पडेल, गोळ्या मात्र तशाच राहतील.

पासपोर्टची ताकद मला दुसरीकडेच दिसते. आज प्रयोगशाळेत एक डबी नापास झाली तर तेवढी एकच डबी अडते. तिच्या हजार बहिणी कुठे आहेत ते कुणालाच कळत नाही. क्रमांक असेल तर त्या सगळ्या सत्तावीस देशांच्या सीमांवर एकाच दिवशी थांबवता येतील. त्यासाठी रोज थोडी पाकिटं उचलून तपासायला माणसं आणि प्रयोगशाळा लागतील. त्या ३ युरोंमधला वाटा आधी तिकडे वळवा.