फुटबॉलमधील सालदार

विदर्भातील शेतकरी पाडव्याच्या सुमारास सालदार ठरवतो. वर्षभराची मजुरी आणि सोबत काही धान्य अशी बोली होते. साल संपले की कधी मालक बदलतो, शिवार बदलते आणि सालदाराचे बिऱ्हाड दुसऱ्या गावाची वाट धरते. वर्धा जिल्ह्यातील देवळी, आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु मैदानावर गोल करून हजारो प्रेक्षकांना उभे राहायला लावणारा व्यावसायिक फुटबॉलचा आघाडीपटू हाही मूलतः सालदारच असतो, असे म्हटले तर त्याला आश्चर्य वाटेल. फरक मजुरीच्या रकमेचा आहे. तो फार मोठा आहे, हे मान्यच करावयास हवे. कराराचे स्वरूप मात्र एकच आहे.

आपल्याकडे सरकारी नोकराची ‘बदली’ होते आणि फुटबॉलपटूचीही ‘बदली’ होते. पहिल्याच्या बाबतीत पगार, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन त्याच्यामागून नव्या गावी जाते. दुसऱ्याच्या बाबतीत त्याची पादत्राणे तेवढी जातात. या भेदाचा विचार न करता आपण ‘अमुक खेळाडू पैशासाठी संघ बदलत राहिला’ असा शेरा मारून मोकळे होतो. हा शेरा कितपत न्याय्य आहे, हे तीन आघाडीपटूंच्या आयुष्यावरून तपासून पाहता येईल.

पहिले नेव्हिल डिसोझा. जन्म १९३२ चा, गोव्यातील आसगावचा; खेळ मुंबईचा. टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या या आघाडीपटूने १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. तो सामना भारताने ४-२ असा जिंकला. उपान्त्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा पहिला आणि एकमेव गोलही नेव्हिल यांचाच. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव होते आणि भारत चौथा आला. त्या काळी ऑलिंपिक हौशी खेळाडूंचेच असे. मुंबईतील फुटबॉलपटूचा संसार कंपनीच्या नोकरीवर चाले आणि कंपनीच्याच नावाचा सदरा घालून तो मैदानात उतरे. खेळातून श्रीमंती येत नसे; परंतु एक सामना वाईट गेला म्हणून चूलही विझत नसे. नेव्हिल १९८० मध्ये, वयाची पन्नाशीही न गाठता निवर्तले. ज्या मुंबईसाठी ते खेळले, तिला त्यांचे नाव आज पुन्हा सांगावे लागते.

दुसरे आय. एम. विजयन. केरळातील त्रिशूर येथे १९६९ मध्ये एका निर्धन कुटुंबात जन्मलेला हा मुलगा तेथील नगरपालिकेच्या मैदानात सोड्याच्या बाटल्या विकत असे. ज्या मैदानाच्या कडेला माल विकला त्याच मैदानाने त्याला उचलले. किशोरवयातच केरळ पोलिसांच्या संघात त्याचा प्रवेश झाला. १९९१ मध्ये विजयन कलकत्त्याच्या मोहन बागानमध्ये गेले आणि तेथून जी भ्रमंती सुरू झाली ती पंधरा वर्षे थांबली नाही. पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी, कोचीचा एफसी कोचीन, पुन्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. काही क्लबांचे उंबरठे त्यांनी दोनदा ओलांडले. १९९३, १९९७ आणि १९९९ असे तीन वेळा ते देशातील वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. १९९९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भूतानविरुद्ध त्यांनी बाराव्या सेकंदाला गोल केला. पुढे अर्जुन पुरस्कार आणि २०२५ मध्ये पद्मश्री असे सन्मान त्यांना लाभले. मधल्या काळात त्यांनी चित्रपटांतूनही काम केले.

ही भ्रमंती चंचलतेची होती काय? ज्या क्लबांत ते खेळले त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. १९९७ मध्ये मोठ्या गाजावाजाने निघालेला एफसी कोचीन काही वर्षांतच आर्थिक अडचणीत सापडून बंद पडला. १९९६-९७ चे पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळवणाऱ्या जेसीटीने २०११ मध्ये संघ मोडला. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या मुंबईतील महिंद्र युनायटेडने हाच मार्ग पत्करला होता. २०१६ मध्ये गोव्यातील धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन नामवंत क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धनीच जेथे शेत पडीक टाकून निघून जातो तेथे सालदाराने जागा बदलली म्हणून त्याला दोष कसा द्यावा? विजयन यांच्याबाबतीत दिलासा इतकाच, की खेळाचे दिवस सरल्यावर केरळ पोलीस दलाने त्यांना पुन्हा सामावून घेतले. एप्रिल २०२५ मध्ये ते तेथूनच सन्मानाने निवृत्त झाले. कीर्तिवंताला असा आसरा मिळतो. त्यांच्याबरोबर, त्यांच्याइतक्याच कष्टाने खेळलेल्या पण नाव न झालेल्या खेळाडूंना तो मिळेलच याची शाश्वती कोणत्याही नियमात नाही.

तिसरे बार्थोलोम्यू ओग्बेचे. हे नायजेरियाचे. वयाच्या सतराव्या वर्षी, २००२ च्या विश्वचषकात ते आपल्या देशाकडून खेळले; त्या वेळी ते पॅरिसच्या पीएसजी क्लबात होते. पुढे फ्रान्समधीलच अन्य क्लब, संयुक्त अरब अमिराती, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असा प्रवास करीत २०१८ मध्ये ते गुवाहाटीत उतरले. तेथून कोची, मग मुंबई, मग हैदराबाद. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटीने इंडियन सुपर लीग जिंकली, ती शेवटच्या मिनिटाच्या गोलावर. गोलरक्षकाची चूक हेरून ओग्बेचे यांनी चेंडू हिसकावला आणि स्वतः हाव न धरता तो बिपिन सिंग यांच्या पायावर ठेवला. पुढच्याच हंगामात हैदराबादकडून त्यांनी १८ गोल केले आणि तो संघही विजेता ठरला. त्या विजेत्या संघात आपल्या कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव होता. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळून इंडियन अ‍ॅरोज, जमशेदपूर असा प्रवास करीत तोही तेथवर आला होता. नायजेरिया आणि कोल्हापूर यांना एका ओळीत उभे करणारी ही बाजारपेठ खरोखर विलक्षण म्हटली पाहिजे. परंतु त्याच विजेत्या हैदराबाद क्लबवर पुढे थकलेल्या वेतनाच्या तक्रारींवरून फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी घातली, आणि २०२५ मध्ये तो क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. खेळाडू गाव बदलतात हे जुने झाले. आता संघही गाव बदलू लागले आहेत.

२०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी, भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा करार संपत आल्याचे कारण देऊन पुढचा हंगाम स्थगित ठेवला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडूंचे वेतन थांबवल्याचे जाहीर केले. देशाच्या सर्वोच्च लीगमधील खेळाडूची ही स्थिती, तर खालच्या श्रेणीत खेळणाऱ्याची काय कथा? पुलगाव आणि हिंगणघाट यांनी गिरणीचा भोंगा थांबल्यानंतरची शांतता ऐकलेली आहे. त्या गावांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

‘लाखोंनी कमावणाऱ्यांची कीव कशाला करायची?’ असा प्रश्न येथे उपस्थित केला जाईल. तो गैर नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने एका वर्षाच्या मिळकतीला फारसा अर्थ नसतो. ती किती वर्षांवर पसरावयाची आहे हे पाहावे लागते. शिक्षक किंवा कारकून तीस-पस्तीस वर्षे कमावतो. आघाडीपटूची कमाई बहुधा अठरा ते चौतीस या वयात आटोपते, आणि गुडघ्याचा एक सांधा निखळला तर पंचविशीतही आटोपते. मोठ्या रकमा वरच्या मूठभरांना मिळतात. त्यांच्याकडे पाहून जे हजारो मुलगे शाळा सोडून सरावाला लागतात, त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. भाग्यवान ठरलेल्यालाही सतत हिंडत राहावे लागते. त्यामुळे मुलांच्या शाळा, वृद्ध आईबापांचे आजारपण, पत्नीची नोकरी या गोष्टी त्याच्या संसारात नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर पडतात. गोलांच्या यादीत ही किंमत दिसत नाही.

वर्ध्याच्या पालकापुढील प्रश्न येथूनच निर्माण होतो. शेजारच्या नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवले आणि २०२२ मध्ये ‘झुंड’ चित्रपटाने ते काम घरोघरी पोचवले. चेंडू मुलाला वाईट मार्गापासून दूर ठेवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. तो त्याला आयुष्यभर पोसू शकेल काय, हा प्रश्न वेगळा आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘खेळ सोड’ म्हणणे हा अन्याय आहे आणि ‘शाळा सोड’ म्हणणे ही फसवणूक आहे. दोहोंच्या मध्ये जी वाट हवी, ती बांधण्याचे काम एकट्या बापाचे नव्हे.

त्या दिशेने तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, वेतनाची हमी. क्लबाला लीगमध्ये प्रवेश देतानाच हंगामाच्या संपूर्ण वेतनाइतकी बँक हमी महासंघाने घ्यावी. म्हणजे मालकाचा उत्साह ओसरला तरी खेळाडूचे घर चालेल. दुसरी, उगमाचा वाटा. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात रक्कम देऊन बदली झाली, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यावेत, असा फिफाचा नियम आहे. त्याचा लाभ रीतसर नोंद असलेल्या क्लबालाच मिळतो. आपल्या तालुक्यांतील मैदानांवर विनावेतन राबणाऱ्या प्रशिक्षकांनी आपली मंडळे आणि मुलांच्या नोंदी कागदावर आणल्या नाहीत, तर उद्या वर्ध्याचा मुलगा कोठेही पोचला तरी वर्ध्याच्या पदरात काही पडणार नाही. जिल्हा संघटनेने हे काम प्रथम हाती घ्यावे. तिसरी, परतीची वाट. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; परंतु बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी त्याला बट्टा लावला आहे. पडताळणी कडक झालीच पाहिजे. तसेच व्यावसायिक फुटबॉलमध्ये दहा वर्षे घालवून तिशीत परतलेल्याला वयाची आडकाठी येणार नाही, अशी तरतूदही झाली पाहिजे. महाविद्यालयांनीही हंगामामुळे हुकलेली परीक्षा म्हणजे गुन्हा मानू नये.

असा आधार दिला तर खेळाडू सुस्तावेल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. अनुभव याच्या उलट आहे. नेव्हिल यांच्या पाठीशी मुंबईच्या कंपन्यांनी उभी केलेली व्यवस्था होती, म्हणून मेलबर्नमध्ये त्यांचा पाय डळमळला असे कोणी म्हणणार नाही. पोटाची चिंता नसलेला माणूसच शेवटच्या मिनिटाला चेंडू दुसऱ्याच्या पायावर ठेवण्याचे औदार्य दाखवू शकतो. सालदारी मोडावी म्हणून ग्रामीण महाराष्ट्राने पुष्कळ बोलले आहे. मैदानावरच्या सालदारीबद्दलही आता बोलावे लागेल, आणि ते पुढचा क्लब बंद पडण्याच्या आधी बोलावे लागेल.